काचवाल्या बाईंचा एक

डिझेल उन्हात फुगतं, हे मला विसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत तेल म्हणजे फोडणीतलं जवसाचं आणि कंदिलातलं रॉकेल, एवढीच माझी ओळख होती. भिलाईला कारखाना उभा राहत होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमचे बाबा मालगाडीवर गार्ड होते. गोंदियाहून त्यांची बदली दुर्ग लाईनीवर झाली आणि आम्ही पावर हाउस स्टेशनाजवळच्या रेल्वे क्वार्टरात राहायला आलो. मी मॅट्रिक झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली. रुळांपलीकडच्या तेलाच्या डेपोत टायपिस्ट हवा होता. पुरुष उमेदवार सगळे कारखान्यात मोठ्या पगाराच्या जागा शोधत होते, म्हणून ती जागा मला मिळाली.

त्या डेपोत सहा मोठ्या टाक्या होत्या, चंदेरी रंग दिलेल्या. रेल्वेच्या तेलाच्या वाघिणी साइडिंगला लागत, पंप सुरू होई, आणि तेल टाक्यांत चढे. तिथून रस्त्यावरचे टँकर ते घेऊन निघत, जिथं जिथं खोदकाम आणि बांधकाम चाललेलं होतं तिथं. कोणी नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीकडे, कोणी कारखान्यातच, आणि एक टँकर दूर राजहऱ्याला, लोखंडाच्या डोंगराकडे. दुपारी टाक्यांच्या वर हवा थरथरायची. त्या थरथरणाऱ्या हवेतून पलीकडच्या कारखान्याच्या चिमण्या पाहिल्या की त्या पाण्यात उभ्या असल्यासारख्या हलायच्या. रोज एखादी चिमणी आदल्या दिवसापेक्षा उंच झालेली असे. मी टाईपरायटरवर बोटं ठेवून नुसती पाहत बसायची. डेपोतल्या तेलाच्या वासाला एक गोडसर गुंगी होती. संध्याकाळी घरी आल्यावर आई म्हणे, "आधी केस धू, मंग सैपाकघरात ये."

माझं काम रवानगीचा कागद टाईप करायचं. पाच प्रती, मध्ये चार कार्बन. गाडीचा नंबर, किती लिटर भरलं, तेलाचं तापमान किती, डेन्सिटी किती, त्यावरून वजन किती, आणि झाकणांना लावलेल्या शिशाच्या सिलांचे नंबर. तो कागद हातात असल्याशिवाय फाटकावरचा शिपाई साखळी काढत नसे. डेन्सिटी म्हणजे एका लिटरचं वजन, हे मला आमच्या बडे बाबूंनी शिकवलं. जबलपूरकडचे, पन्नाशीचे, खोकत बोलणारे. म्हणाले, "बेटी, तेल धूप में फैलता है, वजन नहीं फैलता. इसलिए वजन लिखो." मला ते फार आवडलं होतं. एवढी मोठी टाकी उन्हात हळूहळू फुगते आणि पहाटे पुन्हा आक्रसते, हे मनात घोळवत मी रूळ ओलांडून घरी जायची.

डेन्सिटी मोजायची जागा डेपोत नव्हती. कोहक्याकडे जाणाऱ्या पायवाटेला लागून, शेताच्या कडेला, पत्र्याच्या छपराची एक लांबट प्रयोगशाळा होती. तिथं एक रशियन बाई काम करत. टाकीत नवीन तेल चढलं की त्याचा नमुना त्यांच्याकडे जाई. त्या आकडा चिठ्ठीवर लिहीत. ती चिठ्ठी मोठ्या ऑफिसात जाई, तिथं टाईप होई, कोणाची तरी सही होई, आणि दीड-दोन दिवसांनी कागद आमच्याकडे परत येई. तोवर भरलेले टँकर फाटकाच्या आत ओळीनं उभे. ड्रायव्हर करंजीच्या झाडाखाली चूल मांडून भात शिजवत. राजहऱ्याहून टेलिफोन येई की यंत्रं थांबली आहेत, आणि बडे बाबू रिसीव्हर कानापासून लांब धरून खोकत.

एकदा असेच चार टँकर उभे असताना मी म्हणाले, "मी जाऊन आणू का चिठ्ठी? इथून दहा मिनिटांची वाट आहे. ऑफिसचा कागद येईल तेव्हा फाईलला लावू."

बडे बाबूंनी माझ्याकडे पाहिलं, टेलिफोनकडे पाहिलं, आणि म्हणाले, "जाओ."

तशी मी पहिल्यांदा त्या प्रयोगशाळेत गेले. आत इतका गारवा आणि शांतता होती की चपला बाहेर काढाव्या असं वाटलं. खिडक्यांना ओले पडदे होते. टेबलावर उंच काचेची नळकांडी उभी होती, त्यांत पिवळसर तेल, आणि तेलात एक काचेची बारीक मान असलेली वस्तू तरंगत होती, बुडवलेल्या शिशीसारखी. बाई वाकून तिच्या मानेवरची रेघ वाचत होत्या. चाळिशीच्या असाव्यात. केस रुमालात बांधलेले, बाह्या वर सारलेल्या, कोपरापर्यंत उन्हानं लाल झालेले हात. आमचे ड्रायव्हर त्यांना काचवाल्या बाई म्हणत. मलाही दुसरं नाव ठाऊक नव्हतं.

आमच्यात एकही भाषा सारखी नव्हती. त्यांना थोडी इंग्रजी येई, मला थोडी. पण त्यांची वेगळी आणि माझी वेगळी. त्यांनी रेघेवर बोट ठेवून एकेक आकडा मोठ्यानं म्हटला. मी वहीत लिहून दाखवला. त्यांनी मान हलवली. मग मीच म्हटलं, "आठ." त्यांनी म्हटलं, "वोसिम." मी म्हटलं, "तीन." त्या म्हणाल्या, "त्री." ते ऐकून दोघीही हसलो, कारण ते जवळजवळ एकच होतं. चिठ्ठी त्यांनी घडी करून माझ्या हातात दिली. ती मी उघडलीही नाही, आकडे वहीत होतेच. त्या दिवशी दुपारपर्यंत चारही टँकर रस्त्याला लागले.

मग तो रिवाजच झाला. नवीन तेल चढलं की मी पायवाटेनं निघे. शेतात लाखोळीचं पीक असे, निळ्या फुलांचं, मग ते कापलं जाई आणि नुसती भेगाळलेली जमीन राही. काचवाल्या बाई आकडा म्हणत, मी तोच परत म्हणत असे, कधी कधी त्या मला काळा चहा देत, दूध न घातलेला, काचेच्या पेल्यात. मी तो घाबरत घाबरत पीत असे. परत येऊन मी गुणाकार करी, टाईप करी, आणि कागदाची शाई वाळायच्या आत गाडी फाटकाबाहेर. बडे बाबू इतरांना सांगत, "हमारी बिटिया के राज में कोई गाडी खडी नहीं रहती." मला त्याचा गर्व झाला होता, हे मी कबूल करते. चालताना माझी पावलं जमिनीला टेकत नव्हती.

राजहऱ्याचा टँकर जे चालवत ते आमच्याच भाषेतले, भंडाऱ्याकडचे. घरची धानाची शेती भावाच्या ताब्यात देऊन इकडे आलेले. त्यांना अक्षर येत नव्हतं. कागद घेतला की तो मेणकापडात गुंडाळून छातीशी खिशात ठेवत आणि म्हणत, "झालं बाई? निघू मंग?" मी त्यांना काका म्हणत असे. गाडी रोज आतून-बाहेरून पुसत. समोरच्या काचेखाली तुळशीचं एक वाळकं पान चिकटवलेलं असे.

चैत्राच्या सुरुवातीला एक दिवस मी प्रयोगशाळेत गेले तर काचवाल्या बाई नव्हत्या. दरवाजा नुसता लोटलेला. मदतनीस म्हणाला, मेमसाबला ताप आहे, चिठ्ठी लिहून ठेवून गेल्या. काचेच्या वजनाखाली चिठ्ठी होती. मी ती उचलली. डेपोत पाच टँकर इंजिन सुरू करून उभे होते. मी वाटेतच चिठ्ठी उघडून आकडा वाचला, शून्य दशांश आठ तीन सात, आणि चालता चालता मनात गुणाकार सुरू केला. नऊ हजार लिटर, सात हजार पाचशे तेहतीस किलो. त्या दिवशी पाच गाड्या पाऊण तासात गेल्या. इतक्या लवकर कधीच गेल्या नव्हत्या.

त्या एका टाकीचं तेल आठवडाभर पुरलं. राजहऱ्याला त्यातून दोन खेपा झाल्या.

दुसरी खेप पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी राजहऱ्याहून टेलिफोन आला. बडे बाबू नुसते "हां, हां" म्हणत होते. रिसीव्हर ठेवून त्यांनी काकांना बोलावलं. तिथं मालाच्या गाड्यांसाठी मोठा वजनकाटा होता, आणि तिथले स्टोअरकीपर आमचा टँकर आधी भरलेला, मग रिकामा, असा दोनदा तोलत. दोन्ही खेपांना तेल कमी भरलं होतं. स्टोअरकीपरांनी काट्यावरच्या सगळ्या माणसांसमोर काकांना चोर म्हटलं होतं आणि लेखी तक्रार पाठवतो म्हणाले होते.

"रास्ते में कहाँ रुके थे?" बडे बाबूंनी विचारलं.

"कुठंच नाही साहेब. बालोदले चहा पेलो, गाडीतच बसून."

"तो तेल कहाँ गया?"

सिलं शाबूत होती, पण सिलं उघडून पुन्हा दाबून बसवणारेही लोक होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्याकडून गाडीची किल्ली घेतली आणि त्यांना फाटकाजवळच्या आग विझवायच्या बादल्यांत रेती भरायच्या कामावर बसवलं. टँकर दुसऱ्याकडे दिला. मी येता-जाता पाहत असे. ते उकिडवे बसून रेती चाळत असत, त्यातले खडे वेगळे काढत, जशी बाई तांदूळ निवडते. माझ्याकडे पाहून एकदाही म्हणाले नाहीत की मी नाही घेतलं. बाकीचे ड्रायव्हर त्यांच्या चुलीपासून जरा लांब बसायला लागले होते.

तक्रारीचं पत्र चार दिवसांनी आलं आणि फाईलला लावायला माझ्याच टेबलावर पडलं. मी ते वाचलं. पहिल्या खेपेला चोपन्न किलो कमी. दुसऱ्या खेपेलाही चोपन्न किलो कमी. मी दोन्ही ओळींवर बोट ठेवून बसून राहिले. दोन वेगळ्या दिवशी, वेगळ्या उन्हात, कोणी चोरलं तर ते इतकं सारखं कसं चोरेल? कागदाच्या कोपऱ्यावर मी भागाकार मांडला. नऊ हजारांत चोपन्न, म्हणजे लिटरमागे सहा ग्रॅम. डेन्सिटीच्या शेवटच्या आकड्यात सहाचा फरक. मी सात लिहिला होता. सातातून सहा गेले तर उरतो एक.

दुपारच्या सुट्टीत मी पायवाटेनं जवळजवळ धावत गेले. काचवाल्या बाई बऱ्या होऊन कामावर आल्या होत्या. मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "अदीन." त्यांनी एक काढला. खालून एक लांब तिरकी रेघ वर चढवली आणि मग सरळ खाली उतरवली. माझ्या डोळ्यांना तो इंग्रजी साताचा आकडा होता. "स्येम," मी म्हणाले. त्यांनी सात काढला, आणि त्याच्या पोटातून एक आडवी काडी मारली. इतके महिने मी त्यांचे आकडे कानांनी घेत आले होते. डोळ्यांनी एकदाच वाचले, आणि तेव्हाच चुकले.

मी त्यांना काहीच सांगितलं नाही. तो शनिवार होता. मी परत आले, फाईल बंद केली आणि घरी गेले. रविवारचा दिवस सगळा मी क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर बसून काढला. समोरून मालगाड्या जात होत्या, लोखंडाचे गर्डर, सिमेंट, कोळसा, आणि मला वाटत होतं की त्यांतल्या एखाद्या डब्यात बसावं आणि कुठेतरी उतरावं जिथं टाईपरायटर नसेल. बाबा ड्युटीवरून येऊन हातपाय धूत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय झालं वं? अशी कावून बसून राहिली?"

मी सगळं सांगितलं.

बाबांनी टॉवेलनं पाय पुसले. "मंग सांगितलं कावून नाही काल?"

"नोकरी जाईल माझी."

"त्याची तर गाडी गेलीच न," बाबा म्हणाले, आणि आत जेवायला गेले.

सोमवारी मी बडे बाबूंच्या टेबलासमोर उभी राहिले. सगळं सांगितलं. त्यांनी भागाकार तपासला, चिठ्ठी मागितली, चष्मा पुसून ती उन्हात धरली. खूप वेळ खोकले. मला रागवले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. बाकीच्या गाड्या गेल्या तिथं वजनकाटाच नव्हता, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते म्हणाले, राजहऱ्याला चिठ्ठी पाठवू, ऑफिसातून जाईल, पंधरा दिवस लागतील. मग त्यांनी काकांना आत बोलावलं आणि मला म्हणाले, "तुम बताओ."

मी सांगितलं. मान वर करून सांगणं जमलं नाही.

काका ऐकत होते. हाताला रेती लागलेली होती, ती ते पंच्याला पुसत राहिले. मग म्हणाले, "चिठ्ठी नोको साहेब. मले तिथं चोर म्हणलं न, चार माणसाइसमोर? तिथंच चाला अन् तिथंच सांगा."

असं आम्ही राजहऱ्याला गेलो. मोठ्या ऑफिसनं जीप द्यायची म्हटली होती, पण ती आली नाही. काचवाल्या बाईंना मी खुणांनी आणि तुटक्या इंग्रजीत सगळं समजावलं तेव्हा त्या आधी खुर्चीवर बसल्या, मग उठून लाकडी पेटी काढली. त्यात कापसात गुंडाळून त्यांनी काचेची नळी, तरंगणारी काच, तापमापक आणि त्या टाकीच्या तेलाची लाखबंद बाटली ठेवली. प्रत्येक टाकीचा एक नमुना त्या जपून ठेवत असत. दुसऱ्या पहाटे पेटी मांडीवर घेऊन त्या सरळ टँकरच्या पुढच्या सीटवर चढून बसल्या. मधे मी. काकांच्या हातात त्या दिवसापुरती किल्ली परत आली होती. त्यांनी आधी काच पुसली, मग स्टिअरिंग पुसलं.

पहाट नुकतीच फुटली होती. दुर्ग मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहाची झाडं सुरू झाली. पानं गळून गेलेली, आणि खाली जमिनीवर पिवळट फुलांचा सडा. बायका आणि मुली टोपल्या घेऊन वाकून फुलं वेचत होत्या, न बोलता, झाडामागून झाड. त्या वासानं सगळी हवा जड झाली होती. तेलाचा वास आणि मोहाचा वास एकमेकांत मिसळून मला पेंग येत होती. काचवाल्या बाईंनी खिडकीबाहेर हात काढून विचारलं, हे काय? मला त्यांना सांगता येईना. काका गाडी चालवता चालवता म्हणाले, "मोहा. मोहा म्हणा." त्या म्हणाल्या, "मोहा." पुढे कितीतरी मैल त्या अधून मधून तो शब्द स्वतःशीच म्हणत होत्या. बालोदजवळ तांदुळ्याच्या धरणाचं पाणी दिसलं, सकाळच्या उन्हात पसरलेलं, काठावर बगळे. मग साल वृक्षांचं रान आणि लाल माती. माती इतकी लाल की गाडीच्या मागे उडणारी धूळही लाल, आणि आमच्या तिघांच्या भुवयाही लाल. मी कुठं चालले आहे आणि कशाला, ते मी काही वेळ विसरलेच होते.

राजहऱ्याचे स्टोअरकीपर बारीक चणीचे, करड्या मिशांचे. आम्हाला पाहून ते खुर्चीतून उठले नाहीत. पण काचवाल्या बाईंनी कोणाची परवानगी न विचारता त्यांच्याच टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि पेटी उघडली. लाख तोडली, बाटलीतलं तेल नळीत ओतलं, तापमापक बुडवला. तेल गाडीच्या उष्णतेनं तापलं होतं. चिठ्ठीवर जे तापमान होतं तेवढ्यावर ते यायला हवं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. त्यांनी माठाकडे बोट दाखवलं.

"साहब के पीने का पानी है," शिपाई कुरकुरला. स्टोअरकीपरांनी हातानंच म्हटलं, दे.

बादलीत माठाचं पाणी ओतून नळी त्यात उभी केली. मग आम्ही सगळे वाट पाहत बसलो. बाहेर डोंगरावर सुरुंग उडत होते, तसे खिडकीचे गज हलत होते. वजनकाट्यावरची माणसं एकेक करून दारात येऊन उभी राहिली. काका भिंतीला टेकून उभे, हात पाठीमागे. तापमापकातला पारा इतका सावकाश उतरत होता की मला वाटलं, आपण इथंच राहणार, संध्याकाळपर्यंत, या माणसांबरोबर, एका काचेच्या नळीभोवती.

पारा उतरला. काचवाल्या बाईंनी तरंगणारी काच अलगद सोडली, ती डुलली आणि थांबली. त्यांनी स्वतः नाही वाचलं. स्टोअरकीपरांना बोटानं बोलावलं आणि वाकायला लावलं.

"पढ़िए," मी म्हणाले.

ते वाकले. डोळा बारीक केला. "आठ... तीन... एक."

मग मी माझा कागद पुढे केला, ज्यावर सात लिहिला होता. म्हणाले, "ये मेरी गलती है. इनकी नहीं." हिंदीत म्हणाले म्हणूनच कदाचित ते तोंडातून निघालं. स्टोअरकीपरांनी खिशातून पेन काढून स्वतः गुणाकार केला. मग पुन्हा केला. उत्तर त्यांच्या काट्याच्या वजनाशी जुळलं तेव्हा त्यांनी पेनाचं टोपण लावलं. माफी मागणारा माणूस तो नव्हता. त्यांनी एक कोरा कागद घेतला, टोपण पुन्हा काढून चार ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि तो काकांच्या पुढे धरला.

काकांनी तो माझ्याकडे दिला. "वाच माय. जोरात वाच. दारापर्यंत ऐकू गेलं पाह्यजे."

त्या दिवसापर्यंत ते मला बाई म्हणत होते. मी वाचलं. तक्रार मागे घेत आहोत, दोन्ही खेपांना तेल पूर्ण होतं, ड्रायव्हरचा काही दोष नाही. दारातली माणसं हलली. कोणीतरी काकांना बिडी दिली. त्यांनी ती घेतली, पण पेटवली नाही, कानामागे ठेवली. स्टोअरकीपरांनी शिपायाला चहा आणायला पाठवलं आणि मग, कोणाकडेच न पाहता, एक खुर्ची काकांच्या बाजूला सरकवली. काका थोडा वेळ उभे राहिले आणि मग बसले.

परतीच्या वाटेवर काचवाल्या बाई झोपल्या. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, केसांना लाल धूळ आणि साबणाचा वास. मी हललेच नाही. काकांनी खड्डे टाळत इतकी हळू गाडी चालवली की मागच्या बसवाल्यांनी हॉर्न वाजवले.

काकांची किल्ली त्यांच्याकडेच राहिली. मला नोकरीवरून काढलं नाही. पण पायवाट बंद झाली. मोठ्या ऑफिसनं हुकूम काढला की चिठ्ठी पुन्हा त्यांच्याचमार्फत जाईल. दीड दिवस, दोन दिवस, टँकर पुन्हा ओळीनं उभे राहायला लागले, करंजीखाली चुली पेटल्या. दोन आठवडे असेच गेले. मग ड्रायव्हरच बडे बाबूंकडे गेले, काका त्यांच्यात पुढे होते, आणि म्हणाले की बाईले जाऊ द्या साहेब, आकडा अक्षरात लिहून घेजा म्हणा. बडे बाबू स्वतः ऑफिसात जाऊन तीन दिवस खेटे घालून परवानगी घेऊन आले. तेव्हापासून चिठ्ठीवर आकड्याखाली तो शब्दांतही लिहायचा ठरला. काचवाल्या बाई रशियनमध्ये लिहीत, मी त्यांच्यासमोर बसून तेच देवनागरीत उतरवत असे, आणि दोघी सही करत असू. याला पाच मिनिटं जास्त लागत. गाड्या तरीही त्याच दिवशी जात.

पुढच्या पावसाळ्यात काचवाल्या बाई त्यांच्या देशाला परत गेल्या. मला वाटलं होतं त्या गाडीनं जातील आणि मी स्टेशनवर जाईन. पण एका सोमवारी मी गेले तर टेबलाशी मद्रासकडचा एक तरुण केमिस्ट बसला होता. शनिवारीच त्या गेल्या, असं तो म्हणाला. त्याचे आकडे छापल्यासारखे सुबक होते. मी त्याला तरीही शब्दांत लिहायला लावलं. परत येताना शेतात पाणी भरलेलं होतं, धानाची रोपं लावलेली, आणि बांधावर बसून मी थोडी रडले.

काका त्यानंतर सात-आठ वर्षं राजहऱ्याला जात राहिले. त्या गोष्टीबद्दल त्यांनी माझ्याशी एकदाही चर्चा केली नाही, टोमणाही मारला नाही. पण पूर्वीसारखा कागद नुसता घेऊन ते कधीच गेले नाहीत. मी कागद पुढे केला की ते खिडकीच्या गजाला धरून उभे राहत आणि म्हणत, "वाच बरं, माय." मी गाडीचा नंबर वाची, लिटर वाची, डेन्सिटी वाची, वजन वाची. मागे दुसऱ्या गाड्यांचे हॉर्न वाजत असत. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत, मग कागद मेणकापडात गुंडाळत आणि गाडीकडे जात.

पहिल्या दिवशी ते माझ्या मनाला लागलं होतं. नंतर मी त्यांच्यासाठी आधीच घसा साफ करून ठेवायला लागले.